अर्धी सोडलेली कॉइल

१

सोमवार, २८ जानेवारी २०१९. पहाटेपासून बारीक बर्फ. वारा वायव्येचा. बुधवारपर्यंत पारा शून्याखाली तीसला टेकेल, असं रेडिओवर सांगत होते.

डॉर्थिया केसलिंगने आठ वाजता थर्मासात कॉफी भरली, तळघराच्या तेरा पायऱ्या उतरली आणि कामाच्या टेबलावरचा दिवा लावला. गेली अकरा वर्षं तिचा हाच क्रम होता. लोकांच्या माळ्यांवरून, गहाणवट दुकानांतून, चर्चच्या जुन्या बाजारांतून ती जुन्या इलेक्ट्रिक गिटार आणि बास गिटार उचलून आणायची आणि खोलायची. अख्खं वाद्य पडून राहतं, सुटे भाग मात्र लगेच खपतात. आधी तारा कापायच्या, मग चार स्क्रू काढून मान वेगळी करायची. खुंट्या, घोडी, बटणं, पत्रे, सगळं जॅमच्या बाटल्यांत घालायचं, करड्या टॉवेलवर मांडून फोटो काढायचे, आणि जिथून मागणी येईल तिथे पाठवायचं.

आजची बास तिच्याच गावची होती. नदीकाठच्या कारखान्यात बनलेली. तो कारखाना बंद पडून तीस वर्षं उलटली होती, पण तिथल्या वाद्यांचा वास डॉर्थिया डोळे मिटून ओळखायची. तिने विसाव्या वर्षापासून तिथे सात वर्षं काढली होती, कॉइल गुंडाळायच्या खात्यात. तारांखाली जी काळी डबी असते, तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तारेची थरथर ओळखते ती ही कॉइल. बाकी सारं लाकूड.

तिने सोल्डरचे डाग सोडवले, कॉइल बाहेर काढली आणि नेहमीप्रमाणे सर्वांत आधी उलटी केली.

खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दोन अक्षरं होती. वर डी, खाली ओ. आणि तारीख: ३ फेब्रुवारी १९७२.

डॉर्थियाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कॉइल जपून टॉवेलवर ठेवली.

२

कारखान्यात सहा बायका एका रांगेत बसत. कॉइल पुरी झाली की प्रत्येकीने खाली आपलं अक्षर घालायचं. आणि एक नियम पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगितला जाई: अर्धी कॉइल सोडून उठायचं नाही. तार सैल पडते, मग कॉइल वाया जाते. उठायची वेळ आलीच, तर शेजारणीने ती पुरी करायची आणि पहिलीच्या अक्षराखाली आपलं घालायचं.

त्या दिवशी डॉर्थियाचं डोकं दुखत होतं. बाहेर बर्फ वाढत होता. "पाच मिनिटांत आले," असं शेजारच्या ओरलीन ट्रॉयरला सांगून ती मागच्या दाराने बाहेर पडली, आणि रांगेतल्याच फर्नच्या गाडीत जाऊन बसली. रोज चौघी त्या गाडीने घरी जात. साडेतीनला घंटा झाली, तीन पस्तीस झाले, ओरलीन आली नाही. ती आत डॉर्थियाची कॉइल पुरी करत बसली होती.

"ओरलीन कुठंय गं?" फर्नने विचारलं.

"ती भावाबरोबर जाणारे म्हणाली," डॉर्थिया म्हणाली. तिला फक्त लवकर घरी जाऊन पडायचं होतं.

ओरलीनला भाऊ न्यायला येणार नव्हता. ती चालत निघाली. बर्फात रेल्वेच्या फाटकावर तिला आगगाडी दिसली नाही.

ही गोष्ट डॉर्थियाने कुणालाही सांगितली नाही. लग्न झालं, नवरा गेला, तरी नाही. निवृत्तीनंतर हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ती गिटारी खोलते, असं लोक समजत. अकरा वर्षांत तिने चारशेच्या वर कॉइली उलट्या करून पाहिल्या होत्या.

३

कॉइल जिवंत आहे का हे पाहायची साधी रीत आहे. तिच्या दोन तारा ॲम्प्लिफायरला जोडायच्या आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने वरच्या लोखंडी खिळ्यांवर हलकेच ठोकायचं. कॉइल चांगली असेल तर ॲम्पमधून आवाज येतो: टॉक.

दुपार होत आली तेव्हा तिने तारा जोडल्या आणि ठोकलं.

टॉक.

"ये की, दार उघडंच आहे," ॲम्पमधून एक बाई म्हणाली.

डॉर्थियाने पटकन तार उपटली.

ती घाबरट नव्हती. जुन्या कॉइली मेणात बुडवलेल्या नसतात, त्यांचे वेढे सैल झाले की त्या मायक्रोफोनसारख्या बनतात. जवळ खोकलं तरी ॲम्प खोकतो. शिवाय उघडी तार रेडिओ पकडते. हमरस्त्यावरच्या ट्रक ड्रायव्हरांच्या शिव्यासुद्धा तिने इथे बसून ऐकल्या होत्या. तिने ट्यूबलाइट बंद केली, कॉइलची दिशा बदलली आणि पुन्हा जोडून पाहिलं.

यंत्रांची घरघर होती. एक नाही, पाच. सहाव्याच्या जागी घरघरीला खिंडार पडल्यासारखं होतं. कारखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दर मिनिटाला उडी मारायचा, त्याचा तो 'खट' तिने सत्तेचाळीस वर्षांनी कानांनी नाही, पाठीच्या मणक्याने ओळखला.

"कुणी टकटक केली गं?"

"डॉर्थिया असेल. हात धुवायला गेलीय."

"हात धुवायला! आंघोळ करून येतेय वाटतं."

सगळ्या हसल्या. मग ओरलीनचा आवाज आला, किंचित नाकातला, कायम सर्दी झाल्यासारखा. "हसा, हसा. तिचं डोकं दुखतंय बिचारीचं. पाच मिनिटांत येते म्हणालीय."

खट.

"किती वाजले?"

"तीन—"

डॉर्थियाने ॲम्पचा प्लग काढला. तळघरात बॉयलरची सूंसूं तेवढी उरली.

४

दोन वाजता टपालवाला वेंडल व्हरांड्यात बूट आपटत उभा राहिला. आठवड्यातून पाच दिवस तिच्याशी बोलणारा तो एकच माणूस होता.

"मिस डॉर्थिया, आज पार्सलं नाहीत? बर्फाने आळशी केलं काय तुम्हाला?"

"उद्या देईन."

"उद्या द्या, परवा मात्र मी येणार नाही. थंडीमुळे टपाल बंद ठेवतायत बुधवार-गुरुवार. घरात खायला-प्यायला आहे ना?"

"आहे."

"आणि फोन-बिन चालू ठेवा. कुणी चौकशी करायला केला तर उचला."

"मला कोण करणारे फोन?"

"ते बरीक खरं," वेंडल म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन उगाच टोपी सारखी करू लागला. "मी करीन हो. नंबर द्या तुमचा."

तिने नंबर दिला नाही. दार लावून ती थेट खाली गेली, कोट न काढता.

प्लग लावल्यावर ॲम्पमधून आलं, "—तेरा." मग काटा पडला. खट. कुणीतरी बर्फाबद्दल बोलायला लागलं. म्हणजे मधल्या वेळात तिथे काहीच घडलं नव्हतं. तिने प्लग काढला, कॉफी प्यायली, तास घालवला, पुन्हा लावला. वाक्य होतं तिथूनच पुढे निघालं.

वेळ तिच्या हातातल्या त्या प्लगमध्ये होता.

५

मंगळवारी तिने जे केलं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. सूप गरम केलं, वाडगा खाली नेला आणि प्लग लावून जेवायला बसली.

फक्त एक मिनिट, असं ठरवलं होतं. पण पाचजणी बोलत होत्या. कुणाच्या तरी नवऱ्याने कोंबडी भाजताना भट्टीलाच आग लावली होती. कुणाच्या तरी सासूने नवा गालिचा आणून त्यावर प्लास्टिक अंथरलं होतं, वर कुणाला पाय ठेवू देत नव्हती. ओरलीन गुणगुणत होती, आणि तिच्या यंत्राची घरघर तिच्या सुराबरोबर वरखाली होत होती, जशी नेहमी व्हायची. डॉर्थिया सूप पीत हसली. या घरात तिने नवरा गेल्यापासून जेवताना दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकला नव्हता. वाडगा रिकामा झाला तरी ती चमचा फिरवत राहिली.

"तीन तेवीस," फर्न म्हणाली. "पोरींनो, घंटा झाली की पाच मिनिटांत गाडीत. मी थांबणार नाही, सांगून ठेवते. रस्ता बघा कसा झालाय."

"डॉर्थियाची कॉइल अर्धी पडलीय," ओरलीन म्हणाली. "माझी झाली की घेते."

डॉर्थियाने प्लग खेचला. नऊ मिनिटं! नऊ मिनिटं तिने सुपाबरोबर खाऊन टाकली होती.

घंटेला सात उरली होती.

संध्याकाळी तुल्सा शहरातल्या एका गिऱ्हाइकाचा निरोप आला. कॉइलचे फोटो त्याने पाहिले होते. सकाळी सवयीने तिनेच ते इंटरनेटवर टाकले होते. दोन अक्षरांची कॉइल, अशी आपण कधी पाहिली नाही, लागेल ती किंमत देतो. फक्त आवाजाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा. शिवाय आपण ती घेतली की रोज वाजवणार, असंही त्याने आनंदाने लिहिलं होतं.

रोज. डॉर्थियाने कॉइल टॉवेलात गुंडाळली आणि टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप घातलं. तिथे ती वर्षानुवर्षं राहील. ओरलीनला कायमचे तीन तेवीस वाजलेले राहतील, नाकात गुणगुणत, उबेत, चौघींच्या सोबतीने. याहून वाईट गोष्टी असतात, असं तिने स्वतःला सांगितलं आणि वर जाऊन झोपली.

६

बुधवारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. ती दिवसभर वरच राहिली. दुपारी दोनला सवयीने दाराशी गेली, आणि वेंडल आज यायचा नाही हे आठवून परतली.

तीनच्या सुमारास तिला खालून आवाज आला.

टॉक. टॉक टॉक.

पाइपातलं पाणी गोठलं की असा आवाज येतो, हे तिला माहीत होतं. ती पाइप बघायला म्हणूनच खाली गेली. पाइप कोमट होते. ॲम्प बंद होता, त्याची वायर भिंतीपासून वेगळी पडलेली होती. आवाज खणातून येत होता. कुणीतरी आतून खिळ्यांवर ठोकत होतं. कॉइल जिवंत आहे का, हे पाहतात तसं.

तिने खणाच्या फळीवर हात ठेवला. फळीला बारीक घरघर होती.

आणि मग, अगदी लांबून, टॉवेलाच्या घडीतून: खट.

आता प्लगची गरज उरली नव्हती. तिथला वेळ आपला आपण चालायला लागला होता. तिने कुलूप उघडून कॉइल बाहेर घेतली तर घरघर थांबली. तिची नजर दुसरीकडे वळली की पुन्हा सुरू व्हायची. म्हणून ती तिच्याकडे बघत बसली. अंधार पडला तरी बसली होती. मध्यरात्र उलटल्यावर एकदा मान पडली, दचकून जागी झाली, तेव्हा तिथे काटा पडल्याचा शेवटचा नाद विरत होता. काटा किती वेळा पडला होता ते तिला माहीत नव्हतं.

मेणाचा डबा शेल्फवर होता. गरम मेणात कॉइल बुडवली की वेढे घट्ट होतात, ती मुकी होते. पाच मिनिटांचं काम. तिने डब्याचं झाकण उघडलंसुद्धा. घट्ट, पिवळं मेण. त्यात ओरलीन बोलता बोलता कशी गप्प होईल ते तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिने झाकण परत दाबून लावलं.

७

गुरुवारी दुपारी तिने ॲम्प लावला, तारा जोडल्या, आणि कॉइल ओठांशी धरली. सैल कॉइलमध्ये बोललं तर ॲम्प बोलतो. मग दुसरीकडे ऐकू का जाऊ नये?

घंटा झालेली होती. खुर्च्या-स्टुलं सरकत होती, कोट झटकले जात होते. "ओरलीन, येतेस ना?" "व्हा पुढे, आलेच." दार आपटलं. एक यंत्र उरलं, आणि ते गुणगुणणं.

"ओरलीन," डॉर्थिया म्हणाली.

यंत्र मंदावलं. "कोण?"

"मी. डॉर्थिया."

"अगं कुठंयस तू? आवाज काय झाला तुझा? म्हातारीसारखा येतोय. बाहेर थंडीत उभी होतीस ना? काय म्हणू या पोरीला!"

डॉर्थियाने घसा खाकरला, ॲम्पने ते खाकरणं मोठं करून तिला परत दिलं.

"ओरलीन, ती कॉइल ठेव. फर्न निघालीय. पळ."

"आणि ही? अर्धीच आहे. वाया जाईल की."

"जाऊ दे."

"जाऊ दे कशी? तुझ्या नावावर लागेल. मागच्या आठवड्यात दोन गेल्यायत तुझ्या, ठाऊक आहे ना? तिसरी गेली तर काढतील तुला." ओरलीनने नाक ओढलं. "मी बसते दहा मिनिटं. जाईन चालत."

हे डॉर्थियाला ठाऊक नव्हतं. म्हणजे असेल, पण ती विसरली होती. ओरलीन कशासाठी मागे थांबली, हा प्रश्न तिने इतक्या वर्षांत स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

"चालत नको," ती म्हणाली. "ऐक माझं. तू हो पुढे. ही मी पुरी करते."

"नक्की? ये मग, बस. तार धरून ठेवलीय मी. सोडली तर सुटेल."

"धरली मी."

"धरलीस?"

"धरली. जा."

यंत्र थांबलं. स्टूल मागे सरकलं. पावलं दाराकडे गेली, दाराशी थबकली. "डोकं फार दुखलं तर रात्री फोन कर गं," ओरलीन म्हणाली. दार लागलं. खूप वेळाने, भिंतीपलीकडून, गाडीचं एक दार. इंजिनाचा आवाज लांब लांब गेला.

मग काहीच नाही. पण ती शांतता रिकामी नव्हती. मोठ्या खोलीची होती, आणि वाट बघत होती.

८

डॉर्थियाने हातात पाहिलं. कॉइल अर्धीच होती. बाहेरचे वेढे नव्हतेच. केसासारखी तार तिच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ताणलेली होती, आणि पुठ्ठ्यावर एकच अक्षर उरलं होतं. मीटर लावून पाहायची गरज नव्हती. तुटक्या कॉइलला आवाज नसतो. तरी ॲम्पमधून घड्याळ ऐकू येत होतं.

कोपऱ्यात तिचं गुंडाळायचं यंत्र होतं, कारखान्याच्या लिलावात घेतलेलं. मेलेल्या कॉइली ती त्यावर पुन्हा जिवंत करायची. तिने चिमूट न सोडता कॉइल यंत्रावर बसवली आणि स्टूल पायाने ओढलं. ॲम्पमध्येही एक स्टूल ओढलं गेलं. तिने पायाखालची कळ दाबली. दोन्हीकडे एकच घरघर सुरू झाली.

वेढे मोजायच्या आकड्यांवर वाटोळी काच असते. तिच्यात मागचं प्रतिबिंब दिसतं, हे तिला नव्याने दिसत नव्हतं. मागे जॅमच्या बाटल्यांचं शेल्फ असायचं. आता काचेत उंच खिडक्या होत्या. खिडक्यांबाहेर दुपारचा करडा उजेड आणि तिरपा बर्फ होता. पाच स्टुलं ओळीने रिकामी होती. आणि सर्वांत मागे, दाराजवळ, कोट हातावर घेतलेलं कुणीतरी उभं होतं. दिवे मालवायला थांबलेलं. ही उठेल कधी, ते बघत असलेलं.

त्या तळघराला खिडकी नव्हती.

तिने मागे वळून पाहिलं नाही. मान वळली की हात हलतो, हात हलला की तार तुटते. आकडे पाच हजार दोनशेवर होते. पुरे व्हायला चार हजार सहाशे वेढे बाकी होते.

ती गुणगुणायला लागली.

९

शुक्रवार, १ फेब्रुवारी २०१९. आभाळ मोकळं, वारा पडलेला, शून्याखाली अकरा. टपाल सुरू झालं. वेंडलने दुपारी दोनला आणि मग सव्वादोनला दार वाजवलं. चार वाजता शेरीफच्या माणसाने कुलूप तोडलं. व्हरांड्यापासून रस्त्यापर्यंतच्या बर्फावर वेंडलच्या बुटांखेरीज दुसरे ठसे नव्हते. गाडी गॅरेजमध्ये होती, कोट खुंटीला होता. तळघरात ॲम्प चालू होता. यंत्रावर एक पुरी झालेली कॉइल होती, मोजणीचा आकडा नऊ हजार आठशे. पुठ्ठ्याखाली दोन अक्षरं होती, वर डी, खालीही डी. तारीख ३ फेब्रुवारी १९७२.

डॉर्थिया केसलिंग, वय ६८, सापडली नाही. ती बेपत्ता असल्याची पहिली खबर वेंडलच्या आधी, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, फोनवरून नोंदवली गेली होती. गुरुवारी रात्री फोन करायचं ठरलं होतं, तो आला नाही, असं कारण लिहिलं होतं. खबर देणाऱ्याचं नाव: ओरलीन ट्रॉयर. वय: ६७. नातं: मैत्रीण.